बालीचे सण पाहायचे तर आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

बाली बेट पाहून आलेले कितीतरी नाशिककर एकच तक्रार करतात : देवळं देखणी आहेत, पण आत देव दिसत नाही. कोरीव दरवाजा, एक अंगण, मग दुसरं अंगण, आणि शेवटी एक रिकामं दगडी आसन. काळारामाच्या सभामंडपातून थेट मूर्ती बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ते रितं वाटणारच. पण त्या आसनाचं (त्याला पद्मासन म्हणतात) रिकामं असणं हीच तिथली रीत आहे. देव तिथे कायम राहत नाहीत. ठरलेल्या दिवशी उतरतात, मान घेतात, परत जातात. त्या दिवशी त्याच अंगणात उंच छत्र्या उभ्या राहतात, आसनांना पिवळी-पांढरी वस्त्रं नेसवली जातात, बायका डोक्यावर फळांचे मनोरे घेऊन येतात आणि गामेलानचा (काशाच्या वाद्यांच्या ताफ्याचा) ठेका रात्री उशिरापर्यंत चालतो. एरवी देऊळ बघणं म्हणजे लग्न नसताना मंगल कार्यालय बघून येणं.

म्हणून बालीच्या सहलीची आखणी उलट्या टोकाकडून करायची. आधी तिथी ठरवा, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी विमान.

पायरी पहिली : दोन पंचांगं समजून घ्या

बालीत दोन पंचांगं एकाच वेळी चालतात. एक चांद्र शक पंचांग, आपल्या जवळचं. दुसरं पावुकोन, २१० दिवसांचं, ज्याचा चंद्राशी काही संबंध नाही. सात-सात दिवसांचे तीस आठवडे, प्रत्येक आठवड्याला स्वतंत्र नाव. त्यामुळे पावुकोनचा सण इंग्रजी वर्षात एकदा किंवा दोनदा येतो आणि दर वेळी महिना बदलतो. "गेल्या वर्षी मित्र एप्रिलमध्ये गेला होता, तेव्हा रस्तोरस्ती बांबू लावलेले होते" हे ऐकून एप्रिलचं तिकीट काढलं तर बांबू दिसायचे नाहीत.

शक पंचांगातला मोठा दिवस न्येपी, म्हणजे मौनाचा नववर्षदिन. आपला पाडवा आणि न्येपी ही भावंडं आहेत. २०२३ साली दोन्ही २२ मार्चला होते, २०२६ साली १९ मार्चला, आणि त्या दिवशी दोन्हीकडे शक १९४८ सुरू झालं. पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राने शकांचा पाडाव केल्याचं कोरलेलं आहे, आणि त्याच डोंगरातल्या दुसऱ्या लेण्यात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची दानं. त्या शकांचं नाव लागलेली वर्षगणना सातासमुद्रापार बेटावर आजही रोजच्या वापरात आहे, ही नाशिककराला वेगळी भिडणारी गोष्ट आहे. मात्र घरच्या कालनिर्णयावरून न्येपीची तारीख काढू नका. अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी धरला जात नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. २०२५ मध्ये फरक एकाच दिवसाचा होता, न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० ला. न्येपी ही इंडोनेशियाची सरकारी सुट्टी आहे. तारीख तिथल्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीतूनच घ्यायची.

पावुकोनमधले मुख्य दिवस म्हणजे पितर घरी येतात तो गालुंगान (बुधवार) आणि त्यानंतर दहा दिवसांनी ते परत जातात तो कुनिंगान (शनिवार). या तारखा पक्क्या असतात, कारण नुसते २१० मिळवत जायचं :

गालुंगान १७ जून २०२६, कुनिंगान २७ जून २०२६.
गालुंगान १३ जानेवारी २०२७, कुनिंगान २३ जानेवारी २०२७.
गालुंगान ११ ऑगस्ट २०२७, कुनिंगान २१ ऑगस्ट २०२७.

आणि तिसरी गोष्ट ओदालान, म्हणजे प्रत्येक देवळाचा वर्धापनदिन. बहुतेक देवळांचा तो २१० दिवसांनी येतो, काहींचा चांद्र तिथीने पौर्णिमेला. देवळं हजारोंनी आहेत, त्यामुळे बेटावर कुठे ना कुठे ओदालान असतोच. न्येपी आणि गालुंगान दोन्ही जमत नसतील तर निराश होण्याचं कारण नाही. आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने गालुंगान ते कुनिंगान हे दहा-बारा दिवस धरावेत. न्येपी फार सुंदर आहे, पण तिची शिस्त कडक आहे आणि लहान मुलं बरोबर असतील तर तयारी जास्त लागते.

पायरी दुसरी : गाव निवडा, हॉटेल नव्हे

जुन्या नाशकात रंगपंचमीला कुठल्या चौकात कुठली रहाड उघडणार, तिचा रंग कोणता, मान कोणाचा, हे त्या गल्लीतल्याला पाठ असतं आणि कॉलेज रोडच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला कोणी सांगत नाही. बालीत तीच गत आहे. तिथला सण बांजारचा असतो. बांजार म्हणजे गावातला वाडा किंवा आळी, पण सभासदत्व, वर्गणी आणि कामाची पाळी बांधून दिलेली. समुद्रकाठच्या कुटा-सेमिन्याकमध्ये राहिलात तर मिरवणूक दिसेल, तयारी दिसणार नाही, आणि बालीच्या सणात खरी मजा तयारीतच आहे.

उबुद आणि त्याच्या आसपासची गावं, पूर्वेकडचं सिदेमेन, उत्तरेकडचं मुंदुक इथे घरगुती मुक्कामाच्या खोल्या मिळतात. घराच्या आवारातच, ईशान्येच्या बाजूला किंवा डोंगराकडच्या कोपऱ्यात, कुटुंबाचं देवघर असतं. जागा ठरवताना तीन प्रश्न लेखी विचारा : तुमच्या बांजारची मिरवणूक घरापासून किती अंतरावरून जाते? सणाच्या दिवशी नाश्ता-जेवण मिळेल का? आणि आम्हाला देवळात घेऊन जाणारं घरातलं कोणी असेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असलेली साधी खोली पोहण्याच्या तलावाच्या हॉटेलपेक्षा केव्हाही चांगली.

यजमानांसाठी काही न्यायचं असेल तर खाण्याच्या वस्तूंपेक्षा भांडी बाजारातला तांब्याचा छोटा गडू किंवा पितळी निरांजन न्या. विमानतळावर रोपं, बिया, फळं, मांस, दूध यांची तपासणी होते. धातूच्या भांड्याला काही आडकाठी नसते.

पायरी तिसरी : कागद आणि पैसा

पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना पोहोचल्यावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा आहे, शुल्क ५,००,००० रुपिया. तो आधी ऑनलाइनही काढता येतो आणि रांग वाचते. याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना माणशी १,५०,००० रुपिया बाली प्रांताचा कर आहे. तो 'लव्ह बाली' या सरकारी संकेतस्थळावर भरून पावती फोनमध्ये ठेवा. ही दोन वेगवेगळी देणी आहेत. व्हिसा भरला म्हणजे कर भरला असं होत नाही.

१०,००० आणि २०,००० च्या नोटा जवळ ठेवा. देवळाच्या दारातल्या दानपेटीत, वस्त्र भाड्याने घेताना, गाडी लावताना त्याच लागतात. बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. मुंबईहून सकाळचं विमान असेल तर कसारा घाटाचा आणि पावसाळ्याचा हिशेब धरून रात्रीच निघा. सणाच्या आदल्या दिवशी चुकलेलं विमान दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही.

पायरी चौथी : कपडे

देवळात जायला दोन गोष्टी लागतातच. कमरेखाली गुंडाळायचं कामेन आणि त्यावर कंबरेला बांधायची पट्टी, सलेंदांग. पट्टी शोभेची नाही. पोटाखालच्या वासना आणि वरचं मन यांच्यामधली ती सीमा मानतात, म्हणून पूर्ण पाय झाकणारी पँट असली तरी पट्टी बांधावीच लागते. पर्यटनाच्या देवळांत दोन्ही दारात भाड्याने मिळतं. पण गावच्या ओदालानला जायचं असेल तर पूर्ण पोशाख करा : पुरुषांना कामेन, त्यावर आखूड वस्त्र सापुत, बाह्यांचा सदरा आणि डोक्याला उदेंग, बायकांना कामेन, केबाया नावाचा लांब बाह्यांचा ब्लाऊज आणि पट्टी, केस बांधलेले. गियान्यार भागातल्या सुकावतीच्या बाजारात हे सगळं मिळतं, भाव करावा लागतो.

साडी चालते का, असं हमखास विचारलं जातं. अंग झाकणारी सुती साडी आणि वर पट्टी बांधली तर सहसा कोणी अडवत नाही. तरी पैठणी घरीच राहू द्या. दमट हवेत दोन-तीन तास जमिनीवर गुडघे टेकून बसायचं असतं, उदबत्तीची ठिणगी आणि तीर्थाचे थेंब अंगावर येतात. पुरुषांचं कामेन नेसताना टोक पुढे, मध्यभागी, सुटं लोंबतं ठेवायचं. बायकांचं घट्ट गुंडाळलेलं. हे उलटसुलट झालं की आजूबाजूच्या आज्या हसत येऊन स्वतःच नीट करून देतात. करू द्या.

कोणी आत जाऊ नये, याचा नियम स्पष्ट आहे. पाळी सुरू असलेल्या बायका, वाहती जखम असलेलं कोणीही, आणि घरात नुकताच मृत्यू झालेली माणसं. या शेवटच्याला ते सेबेल म्हणतात, आपल्या सुतकासारखंच. आपल्याला हे नियम पटोत न पटोत, देऊळ यजमानांचं आहे. मार्च २०२५ च्या राज्यपालांच्या परिपत्रकात हे पुन्हा बजावलेलं आहे, आणि सर्वात आतल्या अंगणात पारंपरिक पोशाखात पूजेसाठी आलेल्यांनाच प्रवेश आहे हेही. नुसतं बघायचं असेल तर मधल्या अंगणापर्यंत.

पायरी पाचवी : ओदालानला गेल्यावर

कुठे आहे हे शोधायला एक वाक्य पुरतं : "आदा ओदालान दि माना?" म्हणजे ओदालान कुठे आहे? यजमान, दुकानदार, गाडीवाला, कोणालाही विचारा. रस्त्यात डोक्यावर फळांचे रचलेले मनोरे, म्हणजे गेबोगान, घेतलेल्या बायकांची रांग दिसली की तिच्या मागे गेलं तरी चालतं. ओदालान बहुतेक तीन दिवस चालतो. पहिल्या दिवशी गर्दी आणि घाई. दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर जावं. माणसं निवांत असतात, वादन आणि नाच संध्याकाळी रंगतो, तुम्हाला बसायला जागा मिळते.

देवळाची तीन अंगणं असतात. बाहेरच्यात खाण्याच्या टपऱ्या, खेळ, कधी कोंबड्यांची झुंजही (जमिनीवर रक्त सांडण्याचा तो विधीचा भाग आहे; मुलांना आधी सांगून ठेवा). मधल्यात वाद्यं आणि तयारी. आतल्यात पूजा.

आत पूजेला बसायचं ठरलं तर क्रम असा. पुरुष मांडी घालून, बायका वज्रासनासारख्या बसतात. समोर उदबत्ती आणि फुलांचा द्रोण ठेवायचा. पमांगकू, म्हणजे गावचे पुजारी, घंटा वाजवत मंत्र म्हणतात, त्यात गायत्री ऐकू येते तेव्हा अंगावर काटा येतो. मग पाच वेळा हात जोडून कपाळापर्यंत न्यायचे : पहिल्यांदा रिकामे, दुसऱ्यांदा पांढरं फूल बोटांच्या टोकांत धरून, तिसऱ्यांदा क्वांगेन नावाची पानाची छोटी पुडी किंवा रंगीत फुलं, चौथ्यांदा पुन्हा रंगीत फुलं, पाचव्यांदा रिकामे. वापरलेलं फूल पुन्हा घ्यायचं नाही. कानामागे खोचायचं किंवा खाली ठेवायचं. मग तीर्थ येतं. आधी अंगावर शिंपडतात. नंतर उजवा तळवा डाव्यावर ठेवून तीन वेळा प्यायचं, तीन वेळा चेहऱ्यावर आणि डोक्यावर फिरवायचं. शेवटी भिजवलेले तांदूळ, बिजा, कपाळावर आणि गळ्याशी चिकटवतात, काही दाणे न चावता गिळतात. अक्षता आणि तीर्थ आपल्याला नवं नाही, त्यामुळे नाशिकचा माणूस इथे पटकन रुळतो.

आणि नेमकी इथेच चूक होते. आपल्यासारखंच आहे म्हटलं की आपण आपलं सुरू करतो. कापूर पेटवणं, नारळ फोडणं, आसनाला हात लावून कुंकू वाहणं, मोठ्याने आरती म्हणणं, प्रदक्षिणेला निघणं यांतलं काहीही करू नका. चपला काढायच्या का, याला एक उत्तर नाही. पुढचा माणूस काय करतो ते बघा. पूजा करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका, मागून जा. पुजाऱ्यांपेक्षा उंच जागी उभं राहू नका, म्हणजे फोटोसाठी कट्ट्यावर चढणंही नाही. फ्लॅश बंद. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका, कोणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही. भेटल्यावर "ओम स्वास्तियास्तु" म्हणा आणि हात जोडा. तेवढ्याने चेहरे खुलतात.

रस्त्यावर, पायऱ्यांवर, दुकानाच्या उंबऱ्यात ठेवलेले पानांचे चौकोनी द्रोण म्हणजे चानांग सारी. कोवळ्या नारळाच्या पात्याचा द्रोण, तळाशी पान-सुपारी-चुन्याचा छोटा विडा, वर दिशेप्रमाणे फुलं : पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. उदबत्ती जळत असेपर्यंत ओलांडायचा नाही. चुकून पाय लागला तर थांबून माफी मागा, पुढे चला.

तीर्था एम्पुलसारख्या झऱ्याच्या देवळात तोट्यांखाली स्नान करतात, त्याला मलुकात म्हणतात. सरळ रांगेने सगळ्या तोट्या घेऊ नका. त्यांतल्या काही मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत. रामकुंडावर कुठे स्नान करायचं आणि अस्थी कुठे सोडतात हे परगावच्या माणसाला आपण सांगतो ना, तसं तिथल्या माणसाला विचारूनच पाण्यात उतरा.

न्येपी : चार दिवसांचा हिशेब

न्येपी एका दिवसाची समजून आदल्या रात्री पोहोचणारे सगळं हुकवतात. निदान चार दिवस आधी पोहोचा.

आधीच्या दोन-चार दिवसांत मलास्ती होते. गावागावांतले लोक पांढऱ्या-पिवळ्या कपड्यांत देवळातली पवित्र वस्त्रं आणि प्रतिमा समुद्रावर किंवा तळ्यावर शुद्धीला नेतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. सानूर, पेतितेंगेत, पादांग गालाक या किनाऱ्यांवर मोठ्या मिरवणुका येतात. सकाळी लवकर जा, वाहन लांब लावा, किनाऱ्यावर वाळूत बाजूला बसा.

आदल्या दिवशी, म्हणजे अमावास्येला, दुपारी चौकाचौकांत भूतयज्ञ होतो आणि सूर्य मावळताना ओगोह-ओगोह निघतात. बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस, बांबूच्या चौकटीवर उभे, तरुण पोरं खांद्यावर घेतात आणि चौकात गरगर फिरवतात, भुतांना दिशा कळू नये म्हणून. ही मिरवणूक फार जुनी नाही, १९८० च्या दशकात या रूपात आली, पण पोरं त्यासाठी कित्येक आठवडे रात्री जागतात. देनपासारमध्ये चतुर्मुख पुतळ्याच्या चौकात सर्वात मोठी गर्दी; उबुदला ती आवरती, मुलांना घेऊन बघण्याजोगी. मिरवणुकीनंतर बरेच पुतळे जाळतात.

इथे काय बिघडतं? दुपारनंतर रस्ते बंद होतात. गाडीने जाऊन परत गाडीने येऊ, असं धरणारा अडकतो. रथोत्सवाच्या संध्याकाळी पंचवटीत गाडी घालण्यासारखं आहे ते. मुक्काम मिरवणुकीपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर हवा. दुसरं, दुपारीच दुकानं मिटतात. पैसे काढणं आणि खरेदी सकाळी उरका. मार्चमध्ये बालीत पावसाळा संपलेला नसतो. रेनकोट घ्या, गर्दीत छत्री उपयोगाची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून पुढचे चोवीस तास बेट बंद. चार निग्रह आहेत : अग्नी आणि दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, जावा आणि लोंबोकच्या बोटी बंद, रस्त्यावर कोणीही नाही. चौकटीच्या काळ्या-पांढऱ्या वस्त्रातले पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, गस्त घालतात. पाहुण्यांनाही सूट नाही, आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. रुग्णालयं आणि रुग्णवाहिका सुरू असतात. त्रास झाला तर यजमानांना सांगा, ते पेचालांगना बोलावतात. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाडव्याच्या शुभेच्छांना उत्तर नाही म्हणून नाशकात चिंता सुरू होते.

चौघांच्या कुटुंबासाठी त्या दिवसाचं सामान : दहा-बारा लिटर पाणी, पाव, केळी, उकडलेले बटाटे किंवा भात आदल्या संध्याकाळी यजमानांकडून, आणि घरून आणलेला चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. रोजची औषधं जवळ, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मंद टॉर्च, तोही खिडकीपासून दूर. पडदे लावून घ्या, उजेड बाहेर गेला तर दारावर थाप पडते. मुलांसाठी पत्ते, चित्रकलेची वही, पुस्तकं. हळू बोलायचं हे त्यांना आदल्या दिवशी खेळ म्हणून शिकवा. रात्र मात्र अंगणात बसून काढा. चंद्र नाही, दिवा नाही, वाहन नाही. आकाश निरभ्र असेल तर गोदेच्या धुक्याच्या पट्ट्यासारखी आकाशगंगा दिसते.

नुसा पेनिदा या शेजारच्या बेटावर याशिवाय समुद्राची न्येपी वेगळी पाळतात, बाली पंचांगाच्या चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास. त्या दिवशी बोटी बंद असतात, तेव्हा तिकडचं तिकीट काढण्याआधी ते विचारा.

गालुंगान : वाकलेला बांबू

अधर्मावर धर्माचा विजय, आणि पितरांचं घरी येणं, असे दोन अर्थ या सणात एकत्र आहेत. पितर गालुंगानला येतात, कुनिंगानला परत जातात. आपल्या पितृपंधरवड्यासारखा सण, पण इथे पितर आले म्हणून नवे कपडे घालतात, गोडधोड करतात.

प्रत्येक दारासमोर पेन्जोर उभा राहतो. दुमजली घराहून उंच आख्खा बांबू, शेंडा पुढे वाकलेला, त्याला नारळाच्या कोवळ्या पात्यांची नक्षी, भाताच्या लोंब्या, नारळ, कंद, पिवळं-पांढरं कापड. बुंध्याशी नैवेद्याचं छोटं बांबूचं देवघर. शेंडा म्हणजे आगुंग पर्वत. गुढीची काठी ताठ आणि पेन्जोर नम्र, पण बांबू उभारून देवाला वाट दाखवायची कल्पना आपल्या ओळखीची आहे. त्याला गाडी टेकवू नका, खालचा नैवेद्य हलवू नका.

दिवसांचा क्रम असा : रविवारी केळी पिकायला झाकतात, सोमवारी तांदळाचे गोड पदार्थ, मंगळवारी पहाटे डुक्कर कापतात आणि दुपारी पेन्जोर उभारतात, बुधवारी पूजा, गुरुवारी नातेवाइकांकडे जाणं. शाकाहारी कुटुंबाने हे नीट वाचावं. मंगळवारी पहाटे तीन-चारला आवारातच कापाकापी असते, आवाज ऐकू येतो. सहन होणार नसेल तर गावात मंगळवारी दुपारी पोहोचा. पेन्जोर उभारताना नेमके हजर असाल. बुधवारी सकाळी सातपासून घरचं देवघर, मग गावची देवळं. रस्ते सजलेले, सगळं गाव नव्या कपड्यांत. बुधवार-गुरुवारी गाडीवाले, स्वयंपाकी सगळे सुट्टीवर असतात, त्यामुळे त्या दोन दिवसांत लांबचा प्रवास ठरवू नका. बांगली जिल्ह्यातलं पेंगलिपुरान गाव एका सरळ रस्त्यावर वसलेलं असल्याने पेन्जोरची रांग तिथे फार छान दिसते. सकाळी लवकर गाठा.

मधल्या दिवसांत मुलं बारोंग नावाचा दैवी पशू घेऊन दारोदार नाचवतात, ङेलावांग. दारात आले तर दहा-वीस हजार रुपिया द्या. कुनिंगानला पिवळा भात करतात आणि पूजा दुपारी बाराच्या आत उरकतात, कारण त्यानंतर पितर निघून गेलेले असतात. अकराला आरामात उठून गेलात तर रिकामं अंगण मिळेल. त्याच दिवशी सेरांगान बेटावरच्या साकेनान देवळाचा ओदालान सुरू होतो, आणि चार दिवसांनी बुधवारी तानाह लोतचा. एरवी सूर्यास्ताच्या फोटोसाठी पाहिलं जाणारं तानाह लोत त्या दिवशी खरं देऊळ असतं.

जेवणाबद्दल

सणाच्या जेवणात डुकराचं मांस, कोंबडी आणि लावार, म्हणजे रक्त घातलेलं मांस-भाज्यांचं मिश्रण, असतं. आग्रह झाला तर हात जोडून "साया वेगेतारियान", म्हणजे मी शाकाहारी आहे, म्हणा. कोणी रागावत नाही. मात्र तेवढ्याने काम भागत नाही, कारण मिरचीच्या साम्बालमध्ये तरासी, म्हणजे कोळंबीचं वाटण, असतं आणि भाज्यांचं जेवण विकणाराही ते मांसात धरत नाही. पूर्ण वाक्य पाठ करा : "तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तरासी, तानपा तेलुर", मांस, मासे, तरासी, अंडं नको. कुरकुरीत पांढरे पापड बहुधा कोळंबीचे असतात. भरवशाचे पदार्थ म्हणजे तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), ताहू (सोयाबीनचं पनीर), वाफवलेल्या भाज्यांवर खोबरं घातलेलं उराप, आणि शेंगदाण्याच्या रसातल्या भाज्यांचं गादो-गादो, त्यातही तरासी विचारून. देवळातून परत आलेला नैवेद्य प्रसाद म्हणून खातात, पण गेबोगानमध्ये फळांबरोबर भाजलेली कोंबडीही असते. फळ मागून घ्या.

स्कूटर

परवाना नाशिकच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय हवा आणि हेल्मेट डोक्यावर. सणाच्या दिवशी मात्र स्कूटर नकोच. मिरवणूक आली की इंजिन बंद करून कडेला थांबायचं असतं. हॉर्न तर मुळीच वाजवायचा नाही.

परतीचं तिकीट

न्येपीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विमानतळ उघडतो, पण आदल्या दिवसाचे अडकलेले सगळे प्रवासी त्याच सकाळी येतात. शिवाय त्या दिवशी, ङेम्बाक गनीला, लोक एकमेकांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात, आणि देनपासारच्या सेसेतानमध्ये ओमेद-ओमेदान होतो, तरुण-तरुणींचे दोन गट एकमेकांना ओढतात आणि वरून बादल्यांनी पाणी पडतं. म्हणून परतीचं विमान त्याच्याही पुढच्या दिवसाचं घ्या. गालुंगानला गेलात तर कुनिंगानच्या शनिवारी नव्हे, रविवारी किंवा नंतर निघा. पेन्जोर त्यानंतरही कित्येक दिवस दारात उभे असतात, विमानतळाच्या वाटेवर शेवटपर्यंत दिसत राहतात.